पहिला फेरा घरचा

“चार दिवसांसाठी अमेरिका?” आबा म्हणाले. हातातला ब्रश त्यांनी खाली ठेवला नाही. आकाशपाळण्याचा एक डबा अंगणात उपडा घालून ते त्याला पिवळा रंग देत होते आणि मी मोबाईलचा स्पीकर लावून तो त्यांच्या कानाजवळ धरला होता.

“चारच जमतात ना, आबा,” पलीकडून धनाजी म्हणाला. “कंपनीनं तिकिटं दिलीत. सगळ्यांची. तुम्ही, आई, वैजू, सानिका. व्हिसा तर मागंच झालाय. शनिवार तेवढा धरून या.”

“जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. आणि बघायचं काय, तर पाळणे?”

“पाळणे नुसते नाहीत, आबा. केवढा मोठा पार्क आहे.”

“असंल. मी काय पाळणा बघितला नाही व्हय?” त्यांनी डब्याच्या कडेवरून ब्रश फिरवला. “आणि त्या शनिवारी हिंगणवाडीची जत्रा हाय. विसरलास?”

“विसरलो नाही. एक जत्रा इलाहीचाचा बघतील की.”

“इलाहीला दिसतंय का धड?”

आमचे जुने गडी इलाहीचाचा ट्रकखाली उताणे पडून काहीतरी आवळत होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, “दिसतंय, मालक. तुमचा रंग वाकडा चाललाय, ते हितनंसुद्धा दिसतंय.”

सानिका, माझी मुलगी, तेव्हा चौथीत होती. मामानं पाठवलेले त्या पार्कचे फोटो तिला पाठ झाले होते. ती मध्येच म्हणाली, “आबा, तिथं गाडी उलटी होते. माणसं खाली डोकं, वर पाय.”

“उलटी होती म्हंजे बिघडलेली असणार,” आबा म्हणाले. धनाजी पलीकडं हसला, पण फार नाही. “बघा तुम्ही. फिरायला म्हणून या. नाही जमलं तर राहू दे,” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज ट्रकच्या दारावर माझं नाव आहे. तेव्हा ते आबांचं होतं, त्याआधी आजोबांचं. सांगली जिल्ह्यातल्या आणि पलीकडच्या माणदेशातल्या जत्रांतून आमचा आकाशपाळणा फिरायचा. आजोबांचा लाकडी होता, चार गडी हातानं फिरवायचे. आबांनी लोखंडी केला, इंजिनवर चालणारा. धनाजीनं हे सोडलं. आयटीआय करून तो बाहेरच्या देशात गेला आणि मोठमोठ्या पार्कमधली यंत्रं जुळवणाऱ्या कंपनीत लागला. त्याला आपल्या धंद्याची लाज वाटली, असं आबांनी धरून ठेवलं होतं. बोलायचे नाहीत. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर म्हणायचे, “नोकरी करतोय.”

माझा नवरा गेल्यावर मी सानिकाला घेऊन माहेरी आले आणि पाळण्याबरोबर फिरू लागले. तिकिटं फाडायची, माईकवरून लोकांना बोलवायचं, गर्दीला रांग लावायची. पाळणा उभा राहताना आबांच्या हातात पाने देत मी इतकी वर्षं शेजारी उभी होते, की पुढचा पाना कुठला लागणार हे त्यांनी सांगायच्या आधी मला कळायचं. पण आवळायचे ते स्वतः. शेवटचा हात त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धनाजीला परत फोन लावला. तिकडं रात्र पडली होती.

“खरं सांग,” मी म्हणाले. “चार दिवसांसाठी एवढं लांब बोलवायला तू काय वेडा नाहीस. शनिवारी काय आहे?”

“नवीन गाडी उभी केलीय, वैजू. रूळ, गाडी, सगळं. माझी टोळी होती त्यावर, पहिल्या खांबापासून. पुढच्या आठवड्यात लोकांसाठी उघडणार. त्याआधी शनिवारी सकाळी जुळवणाऱ्यांच्या घरच्यांना बसवणार आहेत.”

“घरच्यांना?” मी म्हणाले.

“इथल्या साहेबाला मीच सुचवलं होतं,” तो म्हणाला. “म्हटलं, आमच्याकडं असं करतात. त्याला आवडलं.”

“मग हे आबांना सांगायचं सोडून फिरायला या काय म्हणतोस?”

“सांगितलं असतं तर ते आले असते. जत्रा मोडून आले असते. तसं नको होतं मला. त्यांना वाटलं तर यावं.”

“त्यांना कळल्याशिवाय वाटणार कसं, गाढवा?”

“तू सांगू नको,” तो म्हणाला.

मी सांगितलं. आबांना नाही, आईला. ती परसात चुलीवर भाकरी करत होती. मी बोलत होते तोवर तिनं तव्यावरची भाकरी पुरती भाजून घेतली, टोपल्यात टाकली, हात धुतले, पदराला पुसले आणि थेट अंगणात आली. आबा दुसरा डबा रंगवायला घेत होते.

“मी जाणार,” आई म्हणाली.

“कुठं?”

“धनूकडं. त्याचा पहिला फेरा हाय.”

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्यात, म्हणजे पाळणेवाल्यांत, नवा पाळणा असो की जुनाच नव्या जागी उभा केलेला असो, तिकीट फाडायच्या आधी त्यात आवळणाऱ्याच्या घरचं माणूस एकटं बसतं. भाड्याचा गडी चालत नाही, शेजारीपाजारी चालत नाही. स्वतः आवळणाराही चालत नाही, कारण तो खाली ब्रेकच्या दांड्याजवळ हवा. ज्यानं बोल्ट आवळले त्यानं आपलं माणूस वर पाठवायचं आणि गावानं ते बघायचं. आमच्याकडं हे काम आईचं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून प्रत्येक गावात, प्रत्येक जत्रेत, नारळ फुटला की ती पदर खोचून डब्यात बसायची. उतरली की काही न बोलता गड्यांच्या स्वयंपाकाला लागायची.

आबांनी ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला.

“त्यानं सांगितलं का नाही मला?”

“तुम्ही आला असता म्हणून,” मी म्हणाले.

“मग?”

“मग काय, तेच.”

ते उठले, हातावरचा रंग रॉकेलच्या फडक्यानं पुसला. “जाऊ या,” म्हणाले. “चार तर चार दिवस.”

“आणि हिंगणवाडी?” इलाहीचाचांनी विचारलं.

“वैजू करंल उभा,” आई म्हणाली.

हे तिनं मीठ द्या म्हणावं इतक्या सहज म्हटलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पण मान खाली घातली नाही. माझं तिकीट होतं, मलाही ती उलटी होणारी गाडी बघायची होती, धनाजीला बघायचं होतं. पण त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी अमेरिका काय, चंद्रावर जायचंही सोडलं असतं.

“करशील?” आबांनी विचारलं.

“करीन.”

“इलाही हाताखाली राहील तुझ्या. तुझ्या, म्हणजे तू सांगशील ते तो करंल. उलटं नव्हं.”

“आता हिची पण बोलणी खायची तर,” इलाहीचाचा म्हणाले.

तीन बॅगा भरल्या गेल्या. आईनं चटणी, कडक भाकऱ्या, धनाजीच्या आवडीचे तिळाचे लाडू बांधले. मुंबईच्या विमानतळावर सोडायला जायची गाडी ठरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, “मी नाही येत.”

सानिकाच्या तोंडात घास तसाच राहिला.

“का?” मी विचारलं.

“एवढ्या लांब जायचं, चार दिवस राहायचं, परत यायचं. माझ्यानं नाही व्हायचं.” ते आईकडं वळले. “हौसा जाईल, सानिका जाईल. सानिकाला वाचता येतंय पाट्या, ती नेईल आजीला.”

“काल तर जायचं होतं तुम्हाला.”

“काल होतं.”

“माझ्यावर विश्वास नाही असं सरळ म्हणा की,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. “मी उभा केला तर पडेल असं वाटतंय तुम्हाला. म्हणून राहताय. माझ्या डोक्यावर उभं राहायला.”

“मी असं म्हणालो का?”

“म्हणायला कशाला पाहिजे?”

आबांनी ताटातला भात कालवला. “मी हिंगणवाडीत एका बोल्टला हात लावणार नाही,” म्हणाले. “लावला तर सांग.”

आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिनं माझा हात धरला. “भांडू नको त्यांच्याशी,” म्हणाली. एवढंच. मग सानिकाला म्हणाली, “ए, विमानात खिडकीशी तू बसायचं. मला आतली जागा.” सानिकाला तेच हवं होतं.

हिंगणवाडीत जत्रेचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं एक वावर होतं. मळणी झाली की ते जत्रेला मोकळं करायचे. आम्ही गुरुवारी सामान उतरवलं. आबा ट्रकमधून आले, पण उतरले ते सरळ कडेच्या चहाच्या पालाकडं गेले आणि मैदानाकडं पाठ करून बाकड्यावर बसले. इलाहीचाचा त्यांच्याकडं बघून म्हणाले, “जिंदगीत पहिल्यांदा मालकाची पाठ बघतोय मी.”

“तुम्ही पाण्याची नळी घ्या,” मी म्हणाले. “दोन्ही बाजू सारख्या करू.”

जमिनीवर लाकडी ठोकळे अंथरले, पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दोन्हीकडं धरून पातळी जुळवली. शुक्रवारी दोन्ही खांब उभे राहिले, ताणाच्या तारा ओढल्या, वर चाकाचा आस चढला. शनिवारी सकाळी आरे जोडायला घेतले. मी वर चढून एकेक बोल्ट आवळत होते आणि आबा करायचे तसं हातोडीनं ठोकून आवाज ऐकत होते. घट्ट बसलेला बोल्ट खणखणीत वाजतो. सैल असला तर बोदा.

अर्धे आरे जोडले गेले आणि मला वाटलं, आस जरासा डावीकडं कलला आहे. डोळ्यांना दिसेल इतकाही नाही. खाली उतरून पुन्हा नळी लावली. डाव्या बाजूचे ठोकळे मातीत खाली बसले होते. त्या कडेला कधीतरी खड्डा असावा आणि तो नुसत्या भुसभुशीत मातीनं भरलेला होता.

“पाचर मारू,” इलाहीचाचा म्हणाले. “एवढ्याला काय होत नाही, वैजाक्का. रिकामा फिरवून बघू, मग ठरवू.”

“भरल्यावर अजून बसला तर?”

“तर काय, परत पाचर.”

“माणसं वर असताना?”

त्यांनी पायानं ती माती दाबून बघितली.

जत्रा कमिटीचे सावंत त्याच वेळी आले. पांढरा शर्ट, छातीला गुलाबी बिल्ला. “ताई, दुपारी पालखी निघते. त्याच्या आधी पाळणा फिरायला लागला पाहिजे. तिकडं मोटारसायकलवाल्याचा खेळ सुरू झाला, ब्रेकडान्सच्या खुर्च्या फिरायला लागल्या. लोक काय म्हणतील? पाळण्याशिवाय जत्रा?” त्यांनी पालाकडं बोट दाखवलं. “आबांना बोलवू का?”

मी पालाकडं पाहिलं. आबा पाठ करून बसले होते. कपात बिस्कीट बुडवत होते. इतक्या जवळ होते, की आमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू जात असणार. त्यांनी मान वळवली नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग ते आपला शब्द पाळतायत हे कळून एकदम गेला.

“आबांना कशाला?” मी म्हणाले. “आरे उतरवायचे. डाव्या बाजूची माती काढून मुरूम भरायचा, धुमसानं ठोकून घट्ट करायचा, ठोकळे नव्यानं बसवायचे. दुपारी नाही फिरणार पाळणा. संध्याकाळी फिरेल.”

“संध्याकाळी?” सावंत म्हणाले. “पालखीचं काय?”

“पालखी बघा तुम्ही. पाळणा मी बघते.”

इलाहीचाचांनी डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला. “चला रे,” त्यांनी गड्यांना हाक मारली. “मालकीण म्हणतीय, उतरवा.”

दुपारभर आम्ही घाम गाळला. पालखी गेली, ढोल गेले, गुलाल आमच्या ठोकळ्यांवरही पडला. पोरं येऊन विचारून जायची, “पाळणा फिरणार का मोडला?” एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, “बाईमाणसाचं काम नव्हं हे.” इलाहीचाचांनी त्याला विचारलं, “मग तुम्ही येता का फावडं धरायला?” तो गेला.

दिवस कलायला लागला तेव्हा पाळणा उभा होता. मी पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत सगळे पुन्हा ठोकून ऐकले. नळी लावली, पाणी दोन्हीकडं एका रेषेत. डबे समोरासमोर टांगले, इंजिन सुरू केलं, रिकामा पाळणा फिरवला. ब्रेक लावला. थांबला, हलकेच, धक्का न देता. खाली आलेला डबा माझ्यासमोर डुलत राहिला. नारळ फुटला. गर्दी दोरीपर्यंत आली.

इलाहीचाचा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “बसणार कोण?”

गेला आठवडाभर मी बोल्टांचा विचार केला होता, डिझेलचा केला होता, पाऊस आला तर ताडपत्रीचाही केला होता. हा केला नव्हता. आई अमेरिकेत होती, सानिका अमेरिकेत होती. आवळणारी मी होते आणि दांड्यापाशीही मीच लागणार होते.

“माझ्या सुनेला बोलवू?” चाचा म्हणाले. “फोन केला तर तासाभरात येईल.”

“ती तुमच्या घरची,” मी म्हणाले. “बोल्ट मी आवळलेत.”

“मग?”

पालाखालचं बाकडं सरकल्याचा आवाज आला. आबा उठून येत होते. गर्दीनं वाट दिली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्यापुढून जाऊन डब्यात बसले. मधोमध. दोन्ही हात गुडघ्यांवर.

“दांडी लाव,” म्हणाले.

“आबा, तुम्ही?”

“मी एका तरी बोल्टला हात लावलाय?”

“नाही.”

“मग मी घरचा,” आबा म्हणाले. “लाव दांडी.”

मी डब्याची आडवी दांडी लावली, पिन घातली, पिन ओढून बघितली. मी इंजिनाकडं जाताना आबा म्हणाले, “नीट बघून चालव.” ते प्रत्येक गड्याला म्हणत तेच, त्याच आवाजात. इलाहीचाचांनी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, “भिऊ नका, मालक. मी खाली हाय.”

“तू हाय म्हणूनच भ्या वाटतंय,” आबा म्हणाले.

मी इंजिनाचा पट्टा जोडला. डबा वर गेला. गावोगाव पाळणे उभे केलेला माणूस आपल्याच पाळण्यात पहिल्यांदा बसला होता, हे त्या गर्दीत फक्त मला आणि इलाहीचाचांना माहीत होतं. आबा वर गेले, माथ्यावरून पलीकडं गेले, खाली आले, पुन्हा वर. पहिल्या फेऱ्यात ते सरळ समोर बघत होते. दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी मान वळवली. तिसऱ्यात ते डब्याच्या कठड्यावर हात टेकून खाली वाकून काहीतरी शोधत होते, जत्रेला आलेल्या पोरासारखे. मी थांबवायला गेले तर त्यांनी वरूनच बोट दाखवलं: अजून एक.

उतरल्यावर त्यांनी टोपी घातली. “आपल्या गावची पाण्याची टाकी दिसती वरनं,” ते मला म्हणाले. “कालवा पार वळणापर्यंत दिसतो. हौसानं कधी सांगितलं नाही.”

मग मी माईक हातात घेतला आणि तिकिटं सुरू केली. पाळणा पहिल्यांदा भरला तेव्हाच रांग देवळाच्या कमानीपर्यंत गेली.

दिवे लागायच्या सुमाराला अमेरिकेतून फोन आला. तिकडं सकाळ होती. पाळणा भरून फिरत होता, दांडा इलाहीचाचांच्या हातात देऊन मी जरा बाजूला झाले. आबाही आले. आधी सानिका. ती एवढ्या वेगानं बोलत होती, की मला निम्मंच कळलं: गाडी दोनदा उलटी झाली, आजी पहिल्या रांगेत बसली, मामा रडला, आजी रडली नाही.

“आजीला दे,” आबांनी फोन माझ्याकडून घेतला. “बसलीस?”

“बसले,” आईचा आवाज स्पीकरवर आला. “धनूनं पट्टा लावला. तीनदा ओढून बघितला.”

“वरनं काय दिसलं?”

“काय दिसायचंय? डोळे मिटले होते मी.”

“एवढ्या लांब जाऊन डोळे मिटून बसलीस?”

“मी कायम मिटूनच बसते,” आई म्हणाली.

आबांनी फिरणाऱ्या पाळण्याकडं पाहिलं. “आपल्या पाळण्यात पण?”

“पहिल्यापासनं. मला उंचीची भीती वाटते, तुम्हाला ठावं नाही व्हय?”

“कधी बोलली नाहीस.”

“बोलून काय करायचं होतं? कुणीतरी बसायला पाहिजे होतं.” मागं कुणीतरी इंग्रजीत हाका मारत होतं, माणसं टाळ्या वाजवत होती. “ते राहू दे. तुम्ही बसलात का, वैजूच्या?”

“बसलो.”

“मग?”

“मी डोळे उघडे ठेवले होते,” आबा म्हणाले.